डाव्या शेपटीची गाठ

तिसगाव
३ डिसेंबर १९७२

कानिफ,

पत्रात पयल्यांदा सगळी खुशाल हायेत असं लिहायची रीत हाय. मी लिहिनार न्हाई. एक तर हितं कोनी खुशाल न्हाई, आन तू मला न सांगता पळालास, मंग तुला खुशाली कशापाई कळवू?

तुज्या मामाचा संगमनेरचा पत्ता राहीकाकीकडनं काढला. ती देतच नव्हती. म्हनली, "गहिन्या, माज्या लेकाला जरा सुखानं ऱ्हाऊ दे." मी म्हनलो, "काकी, म्या काय केलं?" तर ती चुलीकडं तोंड करून बसली. मंग तिला बाभळीची मोळी फोडून दिली, तवा कुठं पत्ता सांगितला. तुजी आई लई चिवट हाय.

अक्षर फिसकटल्यालं दिसंल. डाव्या हातानं लिहितो ना, मागनं मनगट शाई पुसत येतं. गुरुजींनी माजा हात बदलायला किती छड्या बदलल्या, तुला ठावं हाय. हात काय बदलला न्हाई, सातवी तेवढी ऱ्हायली.

दुस्काळी कामावर खडी फोडायला जातो मी आता. सगळं गावच जातं. परवा मुकादमाची टोपी एका गाढवाला घातली आन गाढव, खायला वाटत्यात त्या सुकडीच्या रांगेत हुबं केलं. मुकादम वरडला, "ह्ये कोनाचं?" मी म्हनलो, "सायेब, तुमच्याच घरचं दिसतंय, टोपी तर तुमचीच हाय." बाया हातुडं टाकून हसल्या. आपला नावाचाच श्रीमंत सुद्धा हसला, बैलाचं सोडून दुसरं काय बोलत न्हाई तो. तू असतास तर पाठ फिरवून हसला असतास, तुजी रीत हाय ती.

अप्पाचा तेलाचा घाना बंद हाय. इंजनाचा आवाज न्हाई तर गाव मुकं वाटतं. इंजन बंद म्हनून ते गार ठिवायचं पानी बी बंद, आन ते पानी ज्या हौदात पडायचं तो हौद बी कोरडा. गुरं सवयीनं सांजच्याला हौदापाशी येत्यात, दगड चाटत्यात आन जात्यात.

लोकं अजून त्या पोत्याचंच बोलत्यात. म्हनत्यात, रंगूमावशीची गाय पेंड खाऊन मेली, पेंडीत एरंडीचा चुरा निघाला, आन पोत्याचं तोंड तर कानिफच्या गाठीनं जसंच्या तसं शिवल्यालं. मंग चुरा आत गेला कसा? एक तर अप्पानं एरंडी गाळली, न्हाईतर शिवनाऱ्यानं मिसळली. तुजी गाठ सगळ्या गावाला ठावं हाय, दोन येढं आन वर चिमनीच्या चोचीवानी फास. म्हनून तुजं नाव आलं.

मी सगळ्यांना सांगतो, कानिफ असलं करनार न्हाई.

सांगतो म्हंजी, सांगायचं म्हनतो. कोनी इचारत न्हाई मला.

तू उत्तर पाठव. मामाकडं काय काम करतोस? दूध मोजतोस का?

तुजा
गहिन्या


२१ डिसेंबर

कानिफ,

उत्तर न्हाई. कार्डाला पैसं नसतील तर मामाच्या खिशातनं घे. नगं, राहू दे. असलं तुला जमायचं न्हाई.

आज तुला अप्पाचं सांगतो. राहीकाकी म्हनली, तू जाताना अप्पाच्या पाया पडलास आन त्याच्या तोंडाकडं बघितलं न्हाईस. अप्पा तुज्यावर रागावल्याला न्हाई. तू गेल्यावर लोकं घान्यावर आली, म्हनली, "सूर्यभानअप्पा, पोऱ्याला पळवून लावलास, आता तू तरी खरं बोल." अप्पा म्हनला, "पोतं माज्या घान्यातनं गेलं. आत काय बी निघू दे, कोनी बी घातलं असू दे, दोष माजा. कानिफचं नाव घ्यायचं न्हाई."

मंग त्येनं काय केलं ठावं हाय? दारोदार फिरून दिल्याली समदी पेंड माघारी घेतली. ज्येंची निम्मी संपली हुती त्येंची बी घेतली. सगळी पोती मागच्या पत्र्याच्या खोलीत रचली आन कुलूप लावलं. रंगूमावशीच्या दारात गेला तर तिनं कवाड लावून घेतलं. तिची पोरं ऊसतोडीला गेल्याली, जाताना म्हनून गेल्ती, आई, गाय तेवढी जगव. अप्पा घटकाभर ओट्यावर बसला आन उठून आला.

नगरचा तो जाडा येपारी आल्ता. म्हनला, "अप्पा, ती नासकी पेंड दे मला. लांबच्या गावात खपवतो. तुजं नुसकान भरून निघंल." अप्पा पान खात हुता. म्हनला, "जे माज्या गावच्या गुराला चालत न्हाई ते दुसऱ्या गावच्या गुरानं का खावं?" येपारी हसाया लागला. म्हनला, "असा धंदा करशील तर खडी फोडायला जाशील." अप्पा म्हनला, "जाईन की. समदं गाव तिथंच हाय. वळखीची मानसं."

मला आपलं मागचं आठवतं. पाऊस गेला तवा अप्पानं लांबनं ट्रकनं करडई आनली, तवा ह्योच येपारी पेंडीला दुप्पट द्यायला तयार हुता. अप्पानं ठरवलं, पेंड गावाभायेर जायची न्हाई. हौद बांधला. गरम पानी गटारात जात हुतं ते गुरांना दिलं. आन तो कायदा केला, ज्येचं एकच जनावर त्येला आधी, मंग बाकीचे. श्रीमंत किती चिडला हुता. म्हनला, "माजी चार बैलं, मी मागं का?" अप्पा म्हनला, "तुजा एक गेला तर तीन ऱ्हातील. रंगूमावशीची एकच, ती गेली तर नुसतं दावं ऱ्हाईल." तू पोती शिवता शिवता हसलास, मी बघितलं.

आन तुलाच तो म्हनला हुता ना, "कानिफ, ह्ये धरम न्हाई. गुरं गेली तर मिरगाला पेरनार कोन? पेरलं न्हाई तर पुढच्या साली मी घान्यात काय गाळू, दगड?"

आता गुरं चाललीच हायेत. गावाचा इस्वास गेला, कुलूप काढलं तरी पेंड कोन घेनार? श्रीमंत बाजारात दोन बैलं घेऊन गेल्ता, दोन कासरं घेऊन माघारी आला. वड्याच्या पुलावर बसल्याला. मी जवळनं गेलो तर मला म्हनला, "गहिन्या, काय तरी गंमत सांग." मला एक बी सुचली न्हाई.

खोलीत चांगली पेंड हाय कानिफ. पोत्यावर पोतं. आन भायेर गुरं पत्रा हुंगत्यात.

मी ते श्रीमंतासाठीच

(ही वळ खोडल्याली हाय. वाचू नगंस.)

गहिन्या


८ जानेवारी १९७३

कानिफ,

खोडल्याली वळ तू उजेडाला धरून वाचलीच असशील. मी पन वाचली असती.

आता लिहितो. मधी थांबलो तर पुन्यांदा लिहिनार न्हाई म्हनून एका बैठकीत लिहितो. आई दोनदा हाका मारून गेली.

त्या दिवशी दुपारची सुट्टी झाल्ती. तू भाकर खायला घरी गेल्तास. अप्पा इंजनापाशी कायतरी खोलून बसल्याला. भिंतीला पोती वळीनं लावल्याली. श्रीमंतानं सकाळीच येऊन पयल्या पोत्यावर आपली काठी ठिवली हुती, ह्ये माजं म्हनून. आन त्याच्या अदल्या दिवशी त्यो पारावर म्हनल्याला, "माजा सर्जा बघा, दुस्काळात बी आरशावानी चमकतोय, परवाच्या बाजारातनं मिरवतो." मला वाटलं, मिरवतोस व्हय, मिरव. बाजाराच्या मधोमध सर्ज्यानं शेपटी वर केली की मंग कळंल आरसा.

हौदाच्या पान्यावर जे एरंडाचं झाड वाढलं हुतं ना, गावात तेवढंच हिरवं, त्याच्या बिया काढल्या. दोन वंजळी. दगडावर ठेचल्या. माजी आजी पोट साफ करायला आमाला एरंडेल पाजायची, तू बी प्यालास, दोगं बी दिसभर वड्यात बसल्यालो. तेवढंच हुईल म्हनलं. तेल पोटाला चालतं तर बी बी चालंल. बी म्हंजी ईख असतं ह्ये मला ठावं नव्हतं. खरंच नव्हतं. पाथर्डीहून ढोरडॉक्टर आला आन बोलला तवा कळलं. पन ठावं नव्हतं म्हनून गाय उठून बसत न्हाई.

तुजी गाठ सोडली. चुरा आत हात घालून खालवर केला. आन तुज्याच दाभनानं पुन्यांदा शिवलं. दोन येढं, वर चोच. तुजी गाठ मला येती ह्येची मला लई मिजास हुती. कोनाची बी नक्कल करायची तर मीच. गुरुजींची चाल, अप्पाचा खोकला, तुजी गाठ. शिवून झाल्यावर लांब हुबं ऱ्हाऊन बघितलं बी. कानिफला सुद्धा वळखू यायची न्हाई, म्हनलं.

गाठ तुजी घातली नसती तर तुजं नाव आलं नसतं. तसंच सुतळीनं गुंडाळून टाकलं असतं तर लोकं म्हनली असती, कोनीतरी पोतं फोडलंय. मी इतकं चांगलं शिवलं म्हनून तू संगमनेरात हायेस.

मंग लिंबावर चढून बसलो. श्रीमंत पोतं न्यायला आल्यावर हसायला.

श्रीमंताच्या आधी रंगूमावशी आली. अप्पानं श्रीमंताची काठी उचलली, बाजूला भिंतीला लावली आन म्हनला, "मावशी, तुजं एकच जनावर, पयलं तुजं." अप्पाचाच कायदा, कानिफ. आन माजी गंमत तिच्याबरूबर गेली. मी लिंबावर हुतो. उतरलोच न्हाई. जुलाब हुतील म्हनलं, एक दिस हगंल गाय, आपून कशाला मार खायचा.

तिसऱ्या दिशी सकाळी मावशीचं रडनं आईकू आलं. पार आमच्या गल्लीत.

तुला शिव्या द्यायच्या तर दे. कार्डावर मावत न्हाई तेवढ्या दे.

मी ह्ये अजून कोनाला सांगितलं न्हाई. तुलाच पयलं सांगतोय. तू ह्ये पत्र राहीकाकीला पाठवलंस, अप्पाला पाठवलंस, तरी माजं काय म्हननं न्हाई. पाठव. म्हंजी मला सांगावं लागनार न्हाई.

गहिनीनाथ


२ फेब्रुवारी

कानिफ,

तू पत्र कोनालाच पाठवलं न्हाईस. मी तीन आठवडं वाट बघितली. राहीकाकी दिसली की वाटायचं, आता बोलती. ती आपली, "गहिन्या, कानिफचं काय पत्र?" हेच इचारायची.

मंग गेलो अप्पाकडं. इंजन पुसत हुता. बंद इंजन पुसून काय करतो कोन जानं. मी म्हनलो, "अप्पा, एक सांगायचंय. पोत्याचं." त्येनं हात वर केला. "मला एकट्याला नगं सांगू. कानिफला जिथं बोलले तिथं सांग."

"मारतील मला."

"मारतील," अप्पा म्हनला. "बाजाराच्या दिशी ये. मानसं जास्त असत्यात." ह्यात गंमत हुती का न्हाई मला अजून समजलं न्हाई.

बाजाराच्या दिशी घान्याम्होरं हौदाच्या कठड्यावर हुबा ऱ्हायलो. अप्पानं लोकं बोलवली हुती. मला बघितलं की मानसं आदीच हसाया लागली. एक जन म्हनला, "गाढव कुठंय रं आज?" मी म्हनलो, "एरंडी म्या घातली. कानिफनं न्हाई."

लोकं हसली.

कानिफ, तुला सांगतो, असं हसनं मी जलमभर मागत आलो. खोटं बोललो की हसायची, सोंग केलं की हसायची. त्या दिशी खरं बोललो तरी तेच हसनं. मी पुन्यांदा सगळं सांगितलं, बिया, दगड, लिंब. श्रीमंत म्हनला, "ह्येला सुकडी चढली." कोनीतरी मागनं म्हनलं, "दोस्ताला सोडवाया आलाय. त्येनंच चिठ्ठी धाडली आसंल. गाठ तर कानिफची हुती, समद्यांनी बघितली."

अप्पा आत गेला. पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात रंगूमावशीच्या पोत्याचं कापल्यालं तोंड, गाठीसकट, डॉक्टर गेल्यापासनं त्येनं तसंच ठिवल्यालं. मंग एक रिकामं पोतं माज्या म्होरं टाकलं, दाभन दिलं, सुतळी दिली. तुजंच दाभन.

"शिव," म्हनला. "जशी त्या दिशी घातली तशी."

गाठ बरूबर आली. वाईट वस्तू बरी लक्षात ऱ्हाती. अप्पानं कुलूप काढून खोलीतनं तू शिवल्यालं एक पोतं आनलं. तिन्ही शेजारी ठिवली. सगळी वाकून बघाया लागली. दोन येढं तिन्हीला. चोच तिन्हीला. पन तुज्या गाठीची सुतळीची शेपटी उजवीकडं पडती. डब्यातली डावीकडं हुती. माजी आत्ताची बी डावीकडं.

मी डावखुरा हाय ह्ये माज्या बी ध्यानात आलं नव्हतं त्या दिशी. नक्कल करनाऱ्याला आपला हात दिसत न्हाई.

कोनी हसलं न्हाई मंग.

श्रीमंतानं येऊन एक कानाखाली दिली. लई जोरात न्हाई. त्यालाबी कळलं आसंल, ती पेंड त्याच्या सर्ज्याची हुती. अप्पा म्हनला, "बास. ह्येला मारल्यानं गुरं जगत न्हाईत."

आन आता जे तुला बी सांगितलं नव्हतं ते. रंगूमावशी गर्दीच्या कडंला हुबी हुती, डोईवर पदर घेऊन. ती म्होरं आली. म्हनली, "समदं सांगितलंस. आन पोतं माज्या डोक्यावर कोनी दिलं, ते बी सांग की."

मी लिंबावरनं उतरलो हुतो कानिफ. तुला खोटं लिहिलं. तिनंच हाक मारली हुती, "गहिन्या, हात लाव रं बाळा." मी उतरलो. एका बाजूनं अप्पा, एका बाजूनं मी, पोतं उचलून तिच्या डोक्यावर ठिवलं. तिनं मला म्हनलं, "शाना हायेस." मी तोंड उघडलं असतं तर तिथंच पोतं खाली आलं असतं. मी म्हनलो, "सावकाश जा, मावशी."

त्या गर्दीत मी एवढंच म्हनलो, "म्या दिलं."

मावशी रडली न्हाई. डोईवरचा पदर नीट केला. मंग म्हनली, "घर सारवायला शेन न्हाई माज्याकडं. गाय हुती तवा हुतं. आठवड्याला शेन आनून दे. कोनाच्या बी दारातनं आन, मागून आन. आन कोनी इचारलं, कोनासाठी, तर सांग." आन गेली.

अप्पानं माज्यासाठी दुसरं ठरवलं. ते पुढच्या येळी लिहितो. आत्ता हात दुखतोय, आन गाल बी.

गहिनीनाथ


११ मार्च

कानिफ,

तुजं कार्ड आलं. पोस्टमननं दिलं तवा मी पोतं डोक्यावर घेऊन चाललो हुतो, म्हनलं, "वाच की रं, हात रिकामा न्हाई." त्यो म्हनला, "वाचायला हाय काय त्यात, एकच वळ हाय." आन वाचली. पोतं खाली ठिवून मी तिथंच बसलो.

ते नंतर. आदी अप्पाचं.

त्येनं सांगितलं, "उद्यापासनं पेंड तू पोचवायची. डोक्यावर. दारात गेलास की पयलं तू काय केलंस ते सांगायचं, मंग पोतं खाली ठिवायचं. त्येंनी घेतलं तर घेतलं, न्हाई घेतलं तर माघारी आनायचं." मी म्हनलो, "अप्पा, समद्यांनी आईकलंय की बाजारात." तर म्हनला, "बाजारात गावानं आईकलं. घरानं आईकायचं ऱ्हायलंय. इस्वास गावाचा नसतो, घरा-घराचा असतो. माजा धंदा बी घरा-घराचा हाय."

बेचाळीस दारं झाली. पयल्या दिशी चार जनांनी घेतली, नऊ जनांनी हाकललं. एका बाईनं म्हनलं, "आदी तू खा." मी खाल्ली. करडईची पेंड चवीला वाईट न्हाई, नरड्यात मात्र चिकटून बसती. ती म्हनली, "अजून खा." मूठभर खाल्ली. मंग पानी दिलं तिनं, आन पोतं ठिवून घेतलं. आता ती मी दिसलो की म्हनती, "आज काय, चटनी देऊ का संगतीला?" सासूबी हसती. हसू देत. ह्ये हसनं परवडतं.

अप्पानं गावाम्होरं स्वतःच्या म्हशीला त्याच खोलीतल्या पेंडीचं घमेलं ठिवलं, तीन दिस. मंग लोकं आपून यायला लागली. घाना सुरू हाय. इंजन सुरू झालं त्या सकाळी हौदात पानी पडलं, आन गुरं कोनी न हाकलता आली. तू असायला पायजे हुतास. श्रीमंत तिथं हुबा हुता, उरल्याली दोन बैलं घेऊन. मला म्हनला, "सर्जा मी इकला न्हाई बरं का, दुसरी दोन इकली." मी म्हनलो, "व्हय, चमकतोय." खरंच चमकत नव्हता. पन हुता.

आन ह्ये नवं. परवा गावातली शेतकरी मंडळी घान्यावर आली. म्हनली, "अप्पा, पाऊस पडला तर ह्या साली भुईमुगाची एक शेंग बी नगरला जायची न्हाई. समदी तुज्या घान्यावर." अप्पा म्हनला, "भाव बघून द्या, उपकार म्हनून नगं." श्रीमंत म्हनला, "उपकार न्हाई रं, ज्येची पेंड कळती त्येचं तेल कळतं." आन ती मंडळी गेल्यावर अप्पा बियान्याच्या शेंगा येगळ्या काढाया बसला, पेरायला कोनाला कमी पडलं तर. तो जाडा येपारी ट्रक घेऊन आल्ता, रिकामाच गेला. त्याच्या ट्रकच्या मागं मी कायतरी बांधनार हुतो. न्हाई बांधलं. आता सवय मोडायची हाय.

आता तुजं कार्ड.

"शेपटी डावीकडं हुती ते म्या तवाच बघितलं हुतं."

एवढंच. नाव बी न्हाई घातलंस.

मंग मला आठवलं. डॉक्टर पोत्याचं तोंड हातात धरून बोलत हुता, लोकं तुज्यावर वरडत हुती. तू ते तोंड त्याच्या हातनं घेतलंस. गाठीवर आंगठा फिरवलास. मंग मान वर करून सगळ्या गर्दीत मला हुडकलंस. माज्याकडं बघितलंस. मला वाटलं, घाबरला म्हनून दोस्ताकडं बघतोय. मी खाली बघितलं. आन तू ती गाठ अप्पाच्या हातात ठिवलीस आन काय बोलला न्हाईस.

एक शबूद बोलला असतास तर सुटला असतास. तू माज्या तोंडाची वाट बघितलीस. मी खाली बघत बसलो, तर तू संगमनेरला गेलास. आन तिथनं बी वाट बघितलीस. मी तुला गाढवाच्या गमती लिहीत हुतो.

राहीकाकीला पन ठावं आसनार. म्हनून ती चुलीकडं तोंड करून बसली. आन म्या तिला इचारत हुतो, "काकी, म्या काय केलं?"

कानिफ, मी बेचाळीस दारात सांगितलं, बाजारात सांगितलं. ते समदं जमलं मला. ही तुजी एक वळ मला अजून दुसऱ्यांदा वाचवत न्हाई. कार्ड घडी न घालता छपरात खोचून ठिवलंय.

पोती मीच शिवतो सध्या. अप्पा म्हनला, कोनीतरी शिवलंच पायजे. पन तुजी गाठ म्या सोडली. साधी गाठ घालतो, शेपटी डावीकडं, सरळ दिसंल अशी. लोकं डावी शेपटी बघितली की आदी गाठ सोडून आत हात घालत्यात, खालवर करत्यात, वास घेत्यात, मंग नेत्यात. घेऊ देत.

बेचाळीसातलं एकच दार पोतं घ्यायचं ऱ्हायलंय. अप्पानं रंगूमावशीला घरची कालवड दिली, तांबडी, कपाळावर चांद हाय. ती घेतली तिनं, तिचं म्हननं, अप्पानं दिली म्हनून घेतली. शेन मी अजून नेतो, दर आठवड्याला, आन इचारनाऱ्याला सांगतो. पन पेंडीचं पोतं घेऊन गेलो तर तिनं गाठ बघितली आन कवाडात हुबी ऱ्हायली. म्हनली, "ह्ये ने माघारी. कानिफनं शिवल्यालं आन, मंग उतरव."

मी म्हनलो, "मावशी, त्यो संगमनेरात हाय."

"मंग त्येला आनाया कोन जानार?" म्हनली. "मी?"

तवर शेजारनीकडनं उसनी पेंड घेती. कालवडीला पुरत न्हाई ती.

मी आलो असतो कानिफ, पन तुज्या मामाच्या दारात हुबं ऱ्हायचं तोंड न्हाई मला. तरी आलो तर सांगीन, तिथं बी, मामाला, मामीला, पयलं काय केलं ते आन मंग नाव. त्रेचाळीसावं दार समजीन. पन त्यापरीस मढीच्या यात्रेला तू ये. तुज्या नावाचा नाथ हाय, तुला यावंच लागतं दर साली. मी वड्याच्या पुलावर हुबा ऱ्हाईन. ह्या येळी खाली बघनार न्हाई.

तुजं दाभन अप्पाच्या खुंटीला लावलंय, पुसून. रंगूमावशीचं पोतं भरून ठिवलंय. तोंड उघडंच हाय.

गहिनीनाथ